अंतःकरणाचा पहारा (लेखांक ३) : भरदुपारचा सैतान

नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात बाप मुलाला बजावतो की, सगळ्यात आधी अंतःकरण सांभाळ. पण विचारांची झुंड चालून येते तेव्हा रोजच्या रोज ते सांभाळायचे कसे? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले मठवासी याच प्रश्नाला भिडले. त्यांच्यातली सर्वांत नेमकी टिपणे इव्हाग्रियस पाँटिकसची.

हा माणूस मूळचा वाळवंटातला नव्हे. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसमध्ये ३४५च्या सुमारास जन्मलेला, पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन झालेला, वादविवादात कोणाला हार न जाणारा. तिथे तो एका प्रतिष्ठित घरातल्या विवाहितेच्या प्रेमात पडला. प्रकरण अंगाशी येणार हे ओळखून त्याने शहर सोडले आणि जेरुसलेम गाठले. तिथेही ऐट सुटेना. मग लांबलेल्या आजारपणात मठप्रमुख मेलानियाने त्याच्याकडून सारी हकिकत काढून घेतली आणि त्याला मठवासी व्हायला लावले. ३८३च्या आसपास तो इजिप्तला गेला. नाईलच्या मुखप्रदेशाजवळच्या केलियात पोथ्यांच्या नकला करून तो पोट भरी. ३९९मध्ये वारला तोही तिथेच.

मनाला घेरणारे आठ विचार त्याने नोंदवले : खादाडपणा, वासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, कंटाळा, लोकांच्या वाहवेची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला लगेच षड्रिपू आठवतील. पण या यादीत मत्सर नाही, आणि खिन्नता व कंटाळा मात्र आहेत. वाईट वाटणे आणि काही करावेसे न वाटणे यांनाही त्याने क्रोधाच्या पंगतीला बसवले, हे आपल्याला धाडसाचे वाटते.

कंटाळ्याचे त्याचे वर्णन तर आजही हसवते. हा भरदुपारचा सैतान सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दोनपर्यंत हटत नाही. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो. साधू खिडकीतून डोकावतो, जेवायला किती वेळ आहे ते पाहतो, कोणी भेटायला येतोय का ते बघतो. मग ही जागाच वाईट, इथल्या माणसांत प्रेम उरले नाही, दुसरीकडे गेलो तर बरे, असे वाटू लागते. त्यावर इव्हाग्रियसचा उपाय रूक्ष आहे : खोली सोडू नका.

त्याच्या शिकवणुकीचा कणा असा : विचार येणे आपल्या हातात नसते, त्याला मुक्काम करू द्यायचा की नाही, हे असते. म्हणून अंतःकरणाच्या दारात पहारेकरी होऊन प्रत्येक विचाराला विचारायचे, तू आमच्यातला की शत्रूकडचा? वासना किंवा राग मनात चमकून गेला म्हणून स्वतःला पापी ठरवणाऱ्या भाविकाला याने केवढा दिलासा मिळतो! दारात द्यायची उत्तरेही त्याने तयार ठेवली. एका ग्रंथात आठही विचारांविरुद्ध बायबलमधली सुमारे पाचशे वचने निवडून, कोणत्या प्रसंगी कोणते म्हणायचे ते लिहिले.

रागाबाबत तो फार व्यवहारी. मनात अढी घेऊन प्रार्थनेला बसू नये, हे तर झालेच. पण अढी जाणार कशी? बायबलमधल्या याकोबाने रागावलेल्या भावाला, एसावाला, भेटी पाठवून शांत केले. आपल्यासारख्या गरिबांनी निदान जेवायला बोलवावे, असे तो सुचवतो.

पुढे ५५३च्या सुमारास आधीच्या काळातला धर्मचिंतक ओरिजेन याच्या मतांबरोबर त्याच्याही मतांचा चर्चने निषेध केला. काही पुस्तके नायलस या दुसऱ्या साधूच्या नावावर, काही सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत तगली. आठांची यादी मात्र त्याआधीच जॉन कॅसियन या साधूमार्फत फ्रान्सच्या दक्षिणेत पोहोचली होती. सहाव्या शतकाअखेरीस पोप ग्रेगरीने तिची फेरमांडणी केली. गर्वाला सर्वांचे मूळ मानून वेगळे काढले, कंटाळा खिन्नतेत मिसळला आणि मत्सराला जागा दिली. सात महापापांची परंपरा त्यातून घडली. या फेरफारात कंटाळ्याचे स्वतंत्र स्थान गेले, हा तोटाच म्हणायचा.

पुढच्या आठवड्यात १५२१मध्ये पँप्लोनाच्या किल्ल्यावर तोफगोळ्याने पाय मोडून घेतलेला इग्नेशियस लोयोला. अंथरुणावर पडल्यापडल्या तो आपल्या मनाच्या लहरी तपासू लागला. त्याचाच सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये गोव्याला उतरला.