दगडावरची लक्ष्मी, काचेतली लक्ष्मी

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावासारख्या गावांत भिंतीवर लावलेल्या देवादिकांच्या छापील चित्राला सर्रास 'फोटो' म्हणतात. या चित्रांचा कॅमेऱ्याशी मूळचा काही संबंध नाही. कमळात उभी लक्ष्मी, जटांमध्ये गंगा झेलणारा शंकर किंवा द्रोणागिरी उचलून नेणारा मारुती यांच्यापुढे कोणी कॅमेरा धरलेला नाही. तरीही हा शब्द अगदीच चुकीचा म्हणता येत नाही, कारण कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेली रूपे इतक्या खात्रीने घरोघर पोहोचविण्याचे काम ज्या कलेने केले, तिला आपल्या कल्पनेची ओळख कल्पना म्हणून नव्हे, पुरावा म्हणून करून द्यायची होती. ही कला म्हणजे शिळाछाप.

शिळाछाप म्हणजे दगडावरून कागदावर चित्र उतरविण्याची पद्धत होय. ती १७९६ च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डर याने बव्हेरियात शोधली आणि तिच्यासाठी लागणारा बारीक कणांचा चुनखडक प्रामुख्याने तिथल्याच सोल्नहोफेन गावच्या खाणींतून येत असे. दगडाचा पृष्ठभाग वाळू आणि पाणी घालून घासत सपाट केल्यावर त्यावर मेण, साबण व काजळी यांच्या तेलकट खडूने चित्र काढीत, आणि मग डिंक व सौम्य नायट्रिक आम्ल लावून ते पक्के करीत. पुढचे सारे तेल आणि पाणी यांच्या वैरावर चाले: दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरून ठेवी, रेखाटलेली जागा पाणी झिडकारी, आणि शाईचा रूळ फिरविताच तेलकट शाई फक्त रेखाटलेल्या जागीच बसे. मराठीत हे तंत्र फार लवकर रुळले. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले होते.

अक्षरांपेक्षा चित्र कठीण, आणि रंगीत चित्र त्याहून कठीण. छाप उलटा उमटतो, म्हणून कारागिराला सारे चित्र दगडावर आरशातल्यासारखे काढावे लागे. देवीचा आशीर्वाद देणारा उजवा हात दगडावर डावीकडचा उजवीकडे न्यायला तो विसरला, तर छापलेली देवी डाव्या हाताने आशीर्वाद देई, आणि अशी देवी कोणी देवघरात लावली नसती. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. एकाच चेहऱ्याची गुलाबी, पिवळी, तपकिरी, निळसर छटा वेगवेगळ्या दगडांवर ठिपक्याठिपक्यांनी वाटून द्यायची आणि छापताना प्रत्येक वेळी कागद खुणेला खूण लावून बसवायचा, असा हा खेळ होता. लाल ठसा केसभर सरकला की ओठ हनुवटीकडे उतरत. छापाला यंत्र लागत असले तरी यातील बहुतेक काम हाताचे आणि डोळ्याचे होते.

महाराष्ट्रात या कामाला बाजार मिळवून देणारी पहिली मोठी संस्था म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात निघालेली चित्रशाळा. रामपंचायतनासारखी तिची चित्रे घरांतून लागली. तिचा हेतू केवळ धार्मिक नव्हता, आपले थोर पुरुष व आपली दैवते आपल्याच छापखान्यातून यावीत, हा स्वदेशीचा आग्रहही त्यामागे होता. मात्र देवादिकांच्या या स्वप्नसृष्टीला भरदार शरीर दिले ते राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी. त्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात स्वतःचा छापखाना काढला आणि 'शकुंतला जन्म' हे त्याचे पहिले चित्र. ऑलिओग्राफ, म्हणजे वार्निश चढवून तैलचित्राचा आभास देणारा रंगीत ठसा, हे त्याचे उत्पादन होते. यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. पुढे मुंबईत प्लेगची साथ पसरल्यावर छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला, परंतु कर्ज काही हटेना आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे विकला गेला. दादासाहेब फाळके यांनी काही काळ या छापखान्यासाठी काम केले होते. १९१३ साली त्यांनी काढलेल्या 'राजा हरिश्चंद्र'मधील पौराणिक मांडणी पाहिली की हा संबंध निव्वळ योगायोगाचा वाटत नाही.

रविवर्म्यांच्या अंगी चित्र घडविण्याची कला होती, विकण्याचा हिशेब मात्र दुकानदाराच्या हाती राहिला. छापून आलेला कागद हा अर्धवट माल असतो. त्याला पूर्णत्व येते ते चौकट बसविणाऱ्याकडे. पट्टीचे टोक पंचेचाळीस अंशांत कापून कोपरा सांधायचा, काच कापायच्या हिऱ्याने काचेवर एक ओरखडा ओढून ती हलकेच टिचकीसरशी मोडायची, मागे पुठ्ठा घालून बारीक चुका ठोकायच्या आणि खळीने कागद चिकटवून फटी बंद करायच्या, ही कामे तालुक्याच्या बाजारात आजही डोळ्यांसमोर करून मिळतात. काही घरांनी याच्या पुढची पायरी गाठली होती: जुन्या ऑलिओग्राफवर जरी, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे पदर चिकटवून स्त्रियांनी छापील साडीला नेसलेली साडी केली. त्याच दगडांवरून हजारो ठसे निघाले तरी असे चित्र दुसऱ्या घरात सापडणार नव्हते, आणि म्हणूनच यंत्रावरच्या मालाला हस्तकला म्हणावे की नाही, हा प्रश्न मला नव्हे तर त्या टिकल्या चिकटविणाऱ्या बायांना विचारा, असे कलासमीक्षकांना सांगावेसे वाटते.

याच बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर लिहिलेला आणि आकृत्यांनी सजलेला तो ग्रंथ जगात एकच आहे. छापील तसबिरीचे बळ नेमके उलट. अंबाजोगाईच्या योगेश्वरी देवीचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला देवी घरी न्यायची असते, आणि ती त्याला परवडेल अशा किमतीत हवी असते. ऑफसेट छपाईने दगड केव्हाच बाजूला सारले. आता कागद चकचकीत आणि रंग भडक झाले. काच फुटली किंवा चित्र ओल लागून फिकटले, तर कागद कचऱ्यात न टाकता देवळाजवळच्या पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात. चौकट मात्र पुसून दुकानात येते, दुकानदार पकडीने जुन्या चुका उपसतो आणि नवा कागद तिच्यात बसतो का, ते आडवा-उभा धरून पाहतो.