मिरचीला पाणी किती, पोषण किती?

उन्हाळा तापला की बोरीवलीत वर्षाच्या मसाल्याची लगबग सुरू होते. गोराईच्या ईस्ट इंडियन घरांत बाटली मसाल्याची तयारी होते, तर इतर गृहिणी संकेश्वरी घ्यावी की ब्याडगी, याचा हिशेब मांडतात. रंग आणि तिखटपणा आपण पारखतो. पण मिरची किती पाण्यावर वाढली, हे कोण विचारतो? तिच्या पोषणमूल्याचा त्याच्याशीही संबंध आहे.

हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३०च्या दशकात लाल मिरचीपासूनच 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १०० ग्रॅम ताज्या लाल ढोबळी मिरचीत सुमारे १२५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. प्रौढ माणसाची दिवसाची गरज त्यातून सहज भागते.

झाडाला भरपूर पाणी मिळाले की फळ मोठे व वजनदार होते, पण पाण्याचा अंश वाढल्याने त्यातील पोषक द्रव्ये विरळ होऊ शकतात. पाण्याचा थोडा ताण बसला, तर फळ लहान राहते, पण त्यातील घन भाग वाढतो. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन बहुधा वाढते. काही जातींत 'क' जीवनसत्त्वही वाढते. म्हणून पाणी तोडावे, असे मात्र नव्हे. ताण फार झाला तर फुले गळतात. पाणी अनियमित झाले तर कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पुरेसे पोहोचत नाही आणि टोक काळे पडून सडते. ठिबक सिंचनाने मुळाशी बेताचे, नियमित पाणी देणे हाच मध्यममार्ग.

मग आपण काय करावे? ढोबळी मिरची आकारावर न जाता घट्ट, तजेलदार व टोकाला डाग नसलेली निवडावी. कोशिंबिरीत कच्ची खावी किंवा थोड्या तेलावर झटपट परतावी. वाळवताना 'क' जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. त्यामुळे लाल तिखटावर त्यासाठी विसंबू नये. सुकी मिरची खुळखुळ वाजेल इतकी कोरडी असावी. दमट मिरचीवर बुरशी धरते आणि तिच्यातून यकृताला घातक असे अफलाटॉक्सिन तयार होऊ शकते. ते भाजूनही पुरते जात नाही. स्वस्त मिळाली म्हणून डागाळलेली मिरची घरात आणू नये. मसाला वर्षभर पोटात जायचा असतो!