पाण्याची हक्काची जागा

पावसावर आपल्या कवींनी उदंड लिहिले आहे. मृगाची पहिली सर, आषाढातले मेघ, श्रावणातले ऊन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकांची पाने भरलेली आहेत. परंतु हाच पाऊस पन्हळीतून रस्त्यावर उतरला की पुढे कोठे जातो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो अभियंत्यांचा विषय, असे म्हणून आपण मोकळे होतो. भूगोलाचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र वाटते की, शहरात येणारा पूर हा जितका अभियांत्रिकीचा, तितकाच आपण जमिनीकडे कोणत्या दृष्टीने पाहतो याचाही प्रश्न आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

उदाहरण आपल्या मुंबईचेच घेऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही. दुपारी समुद्राला भरती होती, त्यामुळे नाल्यांची तोंडे जणू बंद झाली. शेकडो माणसे दगावली. अशा पावसापुढे कोणतेही शहर हतबल होईल, हे मान्य केलेच पाहिजे. पण मग दर पावसाळ्यात, त्याच्या दशांश पावसातही हिंदमाता आणि मिलन सबवे का तुंबत आले? याचे उत्तर केवळ आभाळात सापडणार नाही, ते जमिनीवर शोधावे लागेल.

शहराची जुनी गटारे ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने आखलेली होती. त्या हिशोबात एक गृहीत होते. पडलेल्या पावसापैकी निम्मा जमीन पिईल आणि उरलेला निम्मा गटारात येईल, हे ते गृहीत. त्या काळी ते योग्यच होते, कारण अंगणे मातीची होती, वाड्या होत्या, शेते होती. पुढे माती गेली आणि तिच्या जागी डांबर, सिमेंट व फरशी आली. आता जवळजवळ सगळेच पाणी गटारात येते. म्हणजे पाऊस एका थेंबानेही वाढला नाही तरी गटारावरचा भार दुप्पट झाला! १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची आणि पाणी मुळीच मुरणार नाही असे धरून चालण्याची शिफारस केली. परंतु ते काम रेंगाळले, आणि २००५ च्या प्रलयानंतरच त्याला खरी गती आली.

जमिनीने पिणे सोडले, तसेच पाण्याने थांबण्याच्या जागाही गेल्या. मुंबईच्या स्थळनामांतच हा इतिहास दडलेला आहे. धोबीतलावाला आज तलाव नाही, गोवालिया टँकवर मैदान आहे, उमरखाडीत खाडी नाही, आणि पायधुणीला पाय धुण्याइतकेही पाणी उरलेले नाही. मिठी नदीची कथा याहून वेगळी नाही. विहार व पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीस मिळते. वाटेत विमानतळाची धावपट्टी तिच्या पात्रावर आली. मुखाजवळच्या ज्या खाजणात भरतीचे व पावसाचे पाणी पसरत असे, तेथे भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. पुराचा विषय निघाला की बोट नेहमी काठावरच्या झोपड्यांकडे दाखवले जाते. त्यांचे अतिक्रमण खरे आहे. पण नकाशावर रीतसर आखून झालेली अतिक्रमणेही तितकीच खरी आहेत. शिवाय पूर आल्यावर पहिले घर बुडते ते झोपडीतल्या माणसाचेच. त्याला जवळपास सुरक्षित घर दिल्यावाचून नदी मोकळी करणे म्हणजे पुराचे दुःख एका वस्तीतून दुसरीत नेणे होय.

मग उपाय कोणता? सूत्र सोपे आहे. पाणी जेथे पडेल तेथे त्याला थोडा वेळ थांबू द्यावे, मुरू द्यावे, आणि उरलेले सावकाश पुढे सोडावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर पन्नास हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर! अशा शेकडो गच्च्या एकाच वेळी एकाच नाल्यात रिकाम्या झाल्या तर नाल्याने काय करावे? म्हणून गच्चीचे पाणी टाकीत वा शोषखड्ड्यात घ्यावे, पदपथांना सच्छिद्र फरशी असावी, झाडांची आळी सिमेंटने बुजवू नयेत, आणि मिठागरे व तिवरांची वने यांना ‘पडीक जमीन’ समजू नये.

हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात २०१३ साली बेंथेमप्लाइन नावाचा एक चौक अशाच विचाराने बांधला गेला. त्याच्या आसपास शिक्षणसंस्था आहेत. चौकातील खोलगट भागात एरवी मुले खेळतात. मुसळधार पावसात तेथे सुमारे सतरा लाख लिटर पाणी साठते व नंतर हळूहळू सोडले जाते. हिंदमाताच्या पाण्यासाठी आपल्याकडेही अलीकडे उद्यानाच्या व मैदानाच्या पोटात टाक्या बांधल्या गेल्या. पाण्याला थांबायला जागा हवी, हे तत्त्व आपल्यालाही पटू लागले याचेच ते लक्षण.

अर्थात हा काही रामबाण नव्हे. चीनमध्ये २०१५ पासून ‘स्पंज शहरे’ घडवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. तरीही २० जुलै २०२१ रोजी झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेतही माणसे बुडाली. तेव्हा पंप हवेत, रुंद नाले हवेत, वेळेवर इशाराही हवा. मुरणारी जमीन नेहमीच्या पावसाचा त्रास हटवते आणि असाधारण पावसाची धार थोडी बोथट करते. तेवढे साधले तरी अनेक घरे वाचतील.

मित्रहो, यात आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनाही करण्याजोगे काम आहे. आपापल्या वस्तीतील बुजलेल्या विहिरी, हरवलेले ओढे, वृद्धांच्या आठवणीतील तळी यांची नोंद करून एक नकाशा तयार करता येईल. इतिहास, भूगोल आणि मराठी या तिन्ही विभागांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी माझी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे. उद्या त्या जागी नवा इमला उठू लागेल, तेव्हा निदान येथे पाणी राहत होते, एवढे सांगणारा कागद तरी आपल्या हाती असेल.