चेंडू अजून कोपऱ्यातच आहे

२६ मे १९९९. बार्सिलोनाच्या कँप नूवर चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत. नव्वद मिनिटं संपली तेव्हा बायर्न म्युनिक १–० ने पुढे. मग डेव्हिड बेकहॅमचे दोन कॉर्नर, आणि चषक मँचेस्टर युनायटेडकडे. कॉर्नरचा बचाव शिकवणाऱ्याने या दोन गोलांपासूनच सुरुवात करावी. पहिल्या वेळी बायर्नला चेंडू बाहेर काढायची संधी मिळाली होती. पण फिंकचा पाय नीट बसला नाही, चेंडू बॉक्सच्या तोंडाशी युनायटेडच्या गिग्जला मिळाला आणि त्याच्या दुबळ्या फटक्याला शेरिंगहॅमने जाळ्याची वाट दाखवली. दुसऱ्या वेळी शेरिंगहॅमने डोक्याने चेंडू पुढे ढकलला, सोल्स्क्यारने पाय घातला. मारा परतवणं आणि बचाव पूर्ण करणं, यांतलं अंतर तिथे दिसलं.

जागा राखायची की माणूस धरायचा, हा वाद जुना. २००४ नंतर राफा बेनितेझने लिव्हरपूलला झोनल, म्हणजे जागा राखण्याच्या पद्धतीने उभं केलं, तेव्हा इंग्लिश समालोचकांनी त्याला सोडलं नाही. मला ही टीका अन्यायाची वाटते. मॅन-टू-मॅनमध्ये गोल झाला की दोषी खेळाडूचं नाव सापडतं. झोनलमध्ये सापडत नाही, मग पद्धतच बदनाम होते. तिची खरी उणीव वेगळी आहे: जागेवर उभा असलेला खेळाडू धावत येणाऱ्याइतका उंच उडू शकत नाही. म्हणून आता बहुतेक संघ मिश्रण करतात. हवेत चांगले असलेले चार-पाच जण सहा यार्डांच्या रेषेवर, जवळच्या खांबापासून पुढे. दोन-तीन जण फक्त धावणाऱ्यांची वाट अडवायला, मग ते ठेंगणे असले तरी चालतात. आणि एक बॉक्सच्या तोंडाशी, परत येणाऱ्या चेंडूसाठी. १९९९ मध्ये गिग्ज मोकळा सापडला तो तिथेच.

कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही, त्यामुळे गोलरक्षकाच्या नाकासमोर गर्दी करता येते. निकोला होवेरच्या शिकवणीत आर्सेनलने हे अस्त्र धारदार केलं. त्यावर उपाय म्हणजे गोलरक्षकाची वाट मोकळी ठेवण्याचं काम एकाच बचावपटूकडे नेमून देणं. सगळे बघतील म्हटलं की कोणीच बघत नाही.

आपल्याकडच्या आठवणीही आहेत. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत १७ वर्षांखालील विश्वचषकात संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने हेडर मारला; फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. आनंद ओसरायच्या आत, पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना २–१ ने जिंकला.

२०२४ मध्ये गूगल डीपमाइंड आणि लिव्हरपूल यांनी सात हजारांहून अधिक कॉर्नर अभ्यासून ‘टॅक्टिकएआय’ मांडलं; कोणाला कुठे सरकवावं, हे ते सुचवतं. उपयोगी आहे, पण तो सल्ला सगळे खेळाडू आपापल्या जागी पोचल्यावरचा. २०१९ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलच्या अलेक्झांडर-आर्नोल्डने झटकन कॉर्नर मारला तेव्हा बार्सिलोनाचे बचावपटू अजून जागा शोधत होते; ओरिगीने गोल केला, ४–०. म्हणून सरावात मी आधी उभं राहायच्या जागा शिकवणार नाही. चेंडू रेषेबाहेर गेला की प्रत्येकाने चेंडूकडे तोंड ठेवूनच मागे यायचं, पाठ फिरवायची नाही, एवढंच पहिल्या आठवड्यात. खांबावर कोण, पुढे प्रतिहल्ल्यासाठी एक ठेवायचा की दोन, हे नंतर ठरवता येतं.