जुन्या गुलाबांचा शोध – ६ : किरमिजी टी रोझ आणि हरवलेली ओळख

गेल्या आठवड्यात आपण हायब्रिड टी गुलाबांपाशी थांबलो होतो. रोपवाटिकेत लांब दांड्याचा, ताठ मानेचा जो गुलाब मिळतो, तो बहुधा याच गटातला. आज त्याच्या आधीच्या पिढीकडे, म्हणजे निखळ टी रोझकडे वळू. त्यातही दुर्मिळ अशा किरमिजी जातींकडे.

टी रोझचं माहेर चिनी बागांत. १८०९ मध्ये फिकट गुलाबी 'ह्यूम्स ब्लश' आणि १८२४ मध्ये फिकट पिवळा 'पार्क्स यलो' तिथून इंग्लंडला पोचले. त्यांचा एक पूर्वज म्हणजे रोझा जायगँटिया हा उंच चढणारा रानगुलाब, जो आपल्या मणिपूरच्या डोंगरांतही फुलतो. या घराण्यात गडद लाल रंग नव्हता. तो आला चायना रोझच्या लाल जातींकडून. १७९० च्या सुमारास इंग्लंडला गेलेला 'स्लेटर्स क्रिमसन चायना' ही त्यांतली पहिली नावाजलेली जात. हा चिनी लाल उन्हात विटत नाही, उलट आणखी गडद होतो.

१८९४ मध्ये फ्रान्समधल्या लिऑं शहरात फ्रान्सिस द्युब्रॉय यांनी एक किरमिजी टी रोझ बाजारात आणला आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं. द्युब्रॉय मूळचे शिंपी, पुढे गुलाबांचे पैदासकार झाले. जग ज्याला 'पीस' म्हणून ओळखतं त्या गुलाबाचं फ्रेंच नाव 'मादाम ए. मेयाँ' आहे, आणि ही मादाम मेयाँ म्हणजे द्युब्रॉय यांची मुलगी क्लॉडिया. असा मोठा वारसा असलेली ही जात. पण आज तिच्या नावाने विकली जाणारी बरीच झाडं ती नव्हेतच, असं अनेक जाणकारांचं मत आहे. ही झाडं 'बार्सेलोना' या १९३२ च्या जर्मन हायब्रिड टीची असावीत, असं त्यांना वाटतं.

असं का व्हावं? गुलाबाचं बी लावलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं. जात टिकवायची तर फाटे कलम करायचं, नाहीतर खुंटावर डोळा भरायचा. म्हणजे जगभरातली एका जातीची सगळी झुडपं ही एकाच मूळ झाडाचे तुकडे असतात. शेवटचं झुडूप वाळलं की जात संपली. आणि पाटी हरवली तर? झाड जगतं, पण ते कोण हे सांगायला कुणी उरत नाही. म्हणून जुनी जात परत आणणं म्हणजे नुसतं रोप वाढवणं नव्हे. पाकळ्या, काटे, फुलाच्या देठाचा बाक, वाढीची ढब हे सगळं जुन्या वर्णनांशी ताडून पाहावं लागतं.

बर्म्युडातल्या गुलाबप्रेमींचा रिवाज मला फार मोलाचा वाटतो. तिथली रोझ सोसायटी १९५४ ची. जुन्या अंगणांत आणि कुंपणांशी सापडलेल्या अनोळखी गुलाबांना ते ओढूनताणून जुनं नाव चिकटवत नाहीत. बहुतेकदा झाड जिथे मिळालं त्या जागेचं किंवा घराचं नाव देतात. 'बेलफील्ड' हे असंच एक नाव. तोच 'स्लेटर्स क्रिमसन चायना' असावा असं पुष्कळांना वाटतं, तरी पाटीवर 'बेलफील्ड'च राहतं.

लागवडीचं म्हणाल तर टी रोझला कडाक्याची थंडी सोसत नाही. ऊबदार हवा मानवते. तो स्वतःच्या मुळांवर छान वाढतो, त्यामुळे पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी कलमाला पुरते. पण आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये गुलाबाची खरड छाटणी करतात, ती याच्यावर मुळीच करू नका. हा वर्षानुवर्षं जुन्या फांद्यांवरच पसारा वाढवत नेतो. वाळकं काढा, आडव्या-तिडव्या फांद्या थोड्या आवरा, बस. फुलं खाली झुकली तर झाड अशक्त आहे असं समजू नका. हा त्यांचा जातिस्वभाव आहे. पावसाळ्यात मात्र काळ्या ठिपक्यांवर लक्ष ठेवा, आणि झुडपाला ऐसपैस जागा द्या.

कलम कुठल्या झाडाचं, कुणाकडून आणि कधी आणलं, हे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर कोरून झाडाला बांधा आणि वहीतही लिहा. शाई उन्हात उडून जाते. जातीची खात्री नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाका.

पुढच्या आठवड्यात : खुंट कोणता निवडावा?