दोन बटणे आणि अर्धा सेकंद

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये पत्रा डायमध्ये ठेवायचा, हात मागे घ्यायचा, प्रेस मारायची, हे एका पाळीत शेकडो वेळा चालते. एकदा हात मागे यायला उशीर झाला की बोट जाते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतील अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते; त्यांत पॉवर प्रेसचा उल्लेख वारंवार येतो.

म्हणून प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे डायमध्ये एकही नाही. पण उत्पादनाचा आकडा गाठायचा तर एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले जाते. (दोष नेहमी कामगाराच्या माथी बसतो, आकडा ठरवणारा सुटतो.)

ही पळवाट पकडण्याचे काम पीएलसी या नियंत्रकातील प्रोग्रॅमचे. त्याची भाषाही खास याच कामासाठी घडली. 1968 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने रिलेंच्या पॅनेलऐवजी सहज बदलता येईल असा नियंत्रक मागितला. इलेक्ट्रिशियनना रिलेच्या आकृत्या वाचता येत, म्हणून आकृतीच प्रोग्रॅम झाली: दोन उभ्या रेघा, मध्ये पायऱ्या. नाव पडले ‘लॅडर’. संगणक न शिकलेला मेंटेनन्सवालाही ती वाचतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल असे म्हणता येत नाही.

1993 मध्ये या भाषांचे आयईसी 61131-3 हे मानक आले. त्यात ‘फंक्शन ब्लॉक’, म्हणजे एकदा तयार करून कुठेही बसवता येणारे तुकडे आहेत. पुढे ‘पीएलसीओपन’ संघटनेने सुरक्षेचे ब्लॉक ठरवून दिले. त्यांतील दोन हातांच्या नियंत्रणाच्या कडक प्रकारात दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली जावी लागतात आणि पुढच्या फेरीआधी दोन्ही सुटावी लागतात. पट्टी लावलेले बटण सुटत नाही, प्रेस चालत नाही. हा विचार प्रत्येक कारखान्याने नव्याने करायचा नाही. तपासलेला ब्लॉक सुरक्षा दर्जाच्या पीएलसीत बसवायचा.

मात्र अंतर टेप धरूनच मोजावे लागते. हाताचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल तर 400, त्यात 250 ची भर. बटणे डायपासून किमान 650 मिलिमीटर दूर हवीत. जुन्या पिन क्लचच्या प्रेसपुढे मात्र ब्लॉक हतबल. ती एकदा सुटली की फेरी पूर्ण करूनच थांबते. तिथे जाळीचा गार्डच हवा.

अपघात झालाच तर तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये. पेशी गोठून ते जोडण्यालायक राहत नाही.