दंतवैद्य इकडचा की तिकडचा?

मे महिन्यात किंवा नाताळच्या सुमारास गोव्यातील, बेळगावातील, बडोद्यातील कित्येक घरी परदेशात नोकरीस असलेली मुले सुटीवर येतात. पेटीतून खजूर आणि चॉकलेटे बाहेर निघतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हळूच विषय निघतो की, दाढ बरेच दिवस ठणकते आहे, तिकडची फी परवडत नाही, तेव्हा आलोच आहोत तर येथेच काय ते उरकून घ्यावे. लगेच घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, तिकडचे ते तिकडचे, इकडे हात लावू देऊ नये. दुसरा म्हणतो, येथले डॉक्टर हुशार आणि शिवाय स्वस्त. दोन्ही पक्षांपाशी पुरावा म्हणून एखाद्या मामाची किंवा शेजाऱ्याची हकिकत असतेच.

देशादेशांची ही तुलना बहुधा ऐकीव गोष्टींवर चालते, आणि केवळ आपल्याकडेच चालते असे नाही. इंग्रजांच्या दातांची थट्टा हा अमेरिकेतील विनोदाचा एक जुना विषय आहे. परंतु २०१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन्ही देशांतील प्रौढांच्या दातांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. इंग्लंडमधील प्रौढाचे सरासरी ६.९७ दात गेलेले होते, तर अमेरिकेतील प्रौढाचे ७.३१. शिवाय गरीब आणि श्रीमंत ह्यांच्या दातांतील अंतर अमेरिकेत अधिक होते. म्हणजे शुभ्र, सरळ दंतपंक्तीच्या बाबतीत जगाला हेवा वाटावा अशा देशात, ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचा दात वाचण्याऐवजी निघतोच. तेथील वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर ह्या सरकारी विम्यातही दातांचे नेहमीचे उपचार मूळ योजनेत येत नाहीत.

इंग्लंडचीही कथा फार गौरवाची नाही. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि फुकट कवळीसाठी लोकांची रीघ लागली. खर्च इतका वाढला की, १९५१ मध्ये कवळीवर आकार बसवावा लागला, आणि त्या प्रश्नावर ती योजना उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हन ह्यांनी मंत्रिपद सोडले. त्याआधी त्या देशाच्या काही भागांत लग्नापूर्वी मुलीचे सगळे दात काढून तिला कवळी देण्याची चाल होती; पुढे नवऱ्याला खर्च नको, हा त्यामागील हिशेब! १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. २००९ च्या पाहणीत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. ह्या चाळीस वर्षांत तेथील दंतवैद्यांच्या हातांना काही जादू आली असे नव्हे. दात काढण्याऐवजी राखण्याची वृत्ती आली, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघर पोचली आणि उपचार आवाक्यात आले.

पाण्याचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स ह्या गावी १९४५ च्या जानेवारीत दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडे फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. इकडे हैदराबादजवळच्या नळगोंडा जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यात तेच द्रव्य निसर्गतः इतके अधिक, की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडत आणि मोठ्यांची हाडे आखडत. ते काढून टाकण्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी आणि चुना वापरण्याची जी रीत बसविली, ती नळगोंडा पद्धती म्हणूनच ओळखली जाते. तेव्हा दोन देशांतील दातांचे आकडे शेजारी मांडले, तर त्यांत पाणी, साखर, सरकारचा विमा आणि घरातील मिळकत ह्यांचे माप निघते. ज्या खुर्चीत आपण बसणार, तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाचे माप त्यात मुळीच नसते.

“पण आपल्या पदवीला तिकडे मान्यता कोठे आहे?” असा प्रश्न येथे हटकून येतो. येथील पदवीधराला इंग्लंडमध्ये व्यवसाय करण्यासाठी सामान्यतः वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि अमेरिकेत बहुधा पुन्हा दोन-तीन वर्षे शिकावे लागते, हे खरेच. परंतु अमेरिकेत शिकलेल्या दंतवैद्यालाही इंग्लंडमध्ये थेट दवाखाना उघडता येत नाही. प्रत्येक देश आपल्या नोंदवहीचे दार आपण राखतो. आणि ही नोंदवही फार पुरातन आहे असेही नव्हे. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा १८७८ सालीच झाला, पण ‘डेंटिस्ट’ ही पदवी न लावता दात काढणाऱ्या बिननोंदणीच्या लोकांना खरी बंदी झाली ती १९२१ च्या कायद्याने. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनी अमेरिकेहून शिकून येऊन १९२० साली कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले, आणि देशाचा कायदा झाला १९४८ साली. त्या वेळी वडिलोपार्जित कसबावर वर्षानुवर्षे काम करणारे लोक होते. कलकत्ता, मुंबई, हैदराबाद अशा शहरांतील चिनी दंतवैद्य त्यांतलेच. कायद्याने त्यांना नोंदवहीच्या ‘ब’ भागात जागा दिली. आजच्या नव्या डॉक्टरला अर्थात तो मार्ग नाही. त्याने बी.डी.एस.चा अभ्यासक्रम पुरा करून राज्याच्या नोंदवहीत नाव घातलेले असले पाहिजे, आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

एवढी चौकशी झाल्यावर खरी पाहण्याची गोष्ट उरते ती दवाखान्यातच, आणि ती आहे स्वच्छतेची. २०१३ साली अमेरिकेतील तुल्सा शहरी एका दंत दवाखान्यात उपकरणे नीट निर्जंतुक होत नसल्याचे उघडकीस आले. सुमारे ७,००० रुग्णांना रक्त तपासून घ्यावे असे सांगावे लागले, आणि एका रुग्णाच्या यकृतविकाराचा विषाणू तेथेच दुसऱ्या रुग्णाला लागल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे त्याच २०२३ पर्यंतच्या दशकाच्या शेवटी, तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे एका दवाखान्यात उपचार घेतलेले आठजण मेंदूपर्यंत पोचलेल्या जंतुसंसर्गाने दगावले. पुढे झालेल्या तपासात बोट दाखविले गेले ते सलाईनच्या बाटलीकडे: ती शस्त्रक्रियेच्या उपकरणाने उघडावयाची, सैलसर झाकून ठेवावयाची आणि तेच पाणी पुढच्या रुग्णास वापरावयाचे. एक देश श्रीमंत, दुसरा गरीब. चूक मात्र एकाच जातीची.

निर्जंतुक करणे म्हणजे उपकरण औषधी पाण्यात बुडवून काढणे नव्हे. त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र लागते. घरच्या प्रेशर कुकरचेच ते थोरले भावंड. दाबाखालच्या वाफेने १२१ अंश सेल्सियसला सुमारे पंधरा मिनिटे, किंवा १३४ अंशांना निदान तीन मिनिटे उपकरणे त्यात राहावी लागतात. चांगल्या दवाखान्यात ती लहान पाकिटांत बंद करून यंत्रात घालतात, आणि पाकिटावरील खुणेचा रंग बदललेला दिसतो. असे पाकीट रुग्णासमोर फोडले जाते की नाही, हातमोजे प्रत्येक रुग्णागणिक बदलतात की नाही, सुई नवी आहे की नाही, हे खुर्चीत बसल्या बसल्या दिसते. दात कोरण्याचे फिरते यंत्रही दोन रुग्णांच्या मध्ये वाफेतून जावे लागते, नुसते पुसून चालत नाही. बाहेरच्या खोलीतील गार हवा आणि गुळगुळीत फरशी ह्यांचा ह्या गोष्टींशी काडीचा संबंध नाही.

त्याखालोखाल पाहावयाचे ते डॉक्टरचे बोलणे. क्ष-किरण चित्र न काढता रूट कॅनाल सांगणारा, किंवा पहिल्याच भेटीत सहा दातांना कॅप घालावयास निघालेला वैद्य असेल, तर उठून दुसऱ्याचे मत घ्यावे. चांगला वैद्य चित्र उजेडाकडे धरून कीड कोठवर गेली ते दाखवितो, दात राखण्याचा आणि काढण्याचा असे दोन्ही मार्ग सांगतो आणि खर्चाचा अंदाज लिहून देतो. दाढेत चांदी भरण्याबद्दलही हल्ली घोटाळा होतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय निकड सोडता, ती भरणे बंद केले, म्हणून येथे पूर्वी भरलेली चांदी विषारी ठरवून उकरून काढणारे निघतात. त्या बंदीमागे मुख्य काळजी पारा निसर्गात मिसळण्याची आहे. धडधाकट बसलेली जुनी चांदी काढावी असे तो नियम सांगत नाही. उलट ती उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक निघते.

आता त्या सुटीवर आलेल्या मुलाकडे वळावे. ऑस्ट्रियातील लोक दात करून घेण्यासाठी सरहद्दीपलीकडे हंगेरीतील शोप्रोन गावी जातात. काही बिघडले, तर व्हिएन्नाहून तासाभरात पुन्हा हजर होता येते. दुबईहून किंवा लेस्टरहून मडगावास असे येता येत नाही. कीड साफ करणे, दात भरणे, बहुधा रूट कॅनालही तीन आठवड्यांत सुखाने होते. इम्प्लांटचे तसे नाही. जबड्याचे हाड टायटॅनियमच्या खुंटीला धरते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क ह्यांनी ओळखले आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णास तसे दात बसविले. परंतु ते हाड धरण्यास साधारण तीन ते सहा महिने लागतात. काही निवडक रुग्णांत दात लगेच बसवितातही, पण ते हाडाची घनता पाहून ठरते, विमानाचे तिकीट पाहून नव्हे. म्हणून ह्या सुटीत खुंटी आणि पुढच्या सुटीत दात, असे सांगणारा डॉक्टर वेळकाढूपणा करीत आहे असे समजू नये.

आणि परत निघताना क्ष-किरण चित्रांच्या प्रती, कोणत्या दातात काय भरले त्याचा कागद, आणि खुंटी बसविली असल्यास ती बनविणाऱ्या कारखान्याचे नाव व तिचे माप लिहून घ्यावे. निरनिराळ्या कारखान्यांच्या खुंट्यांना निरनिराळे पेचकस लागतात. वर्षभराने तिकडे एखादा स्क्रू सैल झाला, तर तेथल्या वैद्याचा पहिला प्रश्न हाच असतो.